सुरुवातीला मानल्याप्रमाणे

बुधवार, ७ जानेवारी

काल मी इथे लिहिलं की शेडगे सरांनी मला चोर म्हटलं. ते चुकीचं आहे, आज दुरुस्त करते. सरांनी 'चोरी' हा शब्द वापरला नाही. ते 'साम्य' म्हणाले. चोरी माझ्या डोक्यातली होती आणि मी ती त्यांच्या तोंडी घातली.

घडलं ते असं. माझा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाने तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून काढला. तिसरं प्रकरण जवळजवळ सगळं एका छापील पेपराशी जुळलं. पेपर नोव्हेंबरात आला आहे आणि मला तो ठाऊकच नव्हता. लेखक दोन: माझे मार्गदर्शक शेडगे सर आणि त्यांचा दुसरा विद्यार्थी अक्षय. विद्यापीठाच्या समितीने माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे, ९ फेब्रुवारीपर्यंत.

ते प्रकरण मी लिहिलं. मागच्या गणपतीच्या आधी सरांना वाचायला दिलं. एवढं लिहितानाही कुणाविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटतं आहे. साक्ष नाही ही. फक्त काय आधी आणि काय नंतर, ते विसरू नये म्हणून लिहिते.

गुरुवार, ८ जानेवारी

पेपर उघडला. नीट वाचवत नाही. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या अंगावर दिसलं की डोळे आपोआप पुढे सरकतात. शेवटी आभारात माझं नाव आहे, 'टंकलेखनातील साहाय्याबद्दल'. ते पाहून क्षणभर बरं वाटलं हे मला लपवायचं नाही.

कदाचित हे मला वाटतं तेवढं वेगळं नसेल. आमच्या पेणच्या कारखान्यात एकजण शाडू मळतो, एकजण साच्यात दाबतो, सखाकाका हात-कान जोडतात, रंग आणखी कुणी देतं, डोळ्यांची आखणी बाबा करतात. गणपती बाहेर पडतो तो कारखान्याच्या नावाने. मूर्तीच्या पाठीवर कान जोडणाऱ्याचं नाव कुणी पाहिलं आहे? मी त्या घरात वाढले. सांधेतापामुळे पाचवीपर्यंत शाळेत गेलेच नाही. चंद्रावतीआत्याने कारखान्यातच बसवून शिकवलं, ओल्या गणपतींच्या रांगेत. म्हणून सरांनी प्रकरण मागितलं तेव्हा 'कशाला' असं विचारायचं सुचलं नाही. मालकाला कुणी विचारत नाही.

सोमवार, १२ जानेवारी

रोह्याला तास होते. मी त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, सर तिथेच विभागप्रमुख आहेत. तास संपल्यावर त्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"बस. चहा घे. घाबरलीस? अगं, दरवर्षी दोघा-तिघांना येतं असं पत्र."

"सर, पण ते प्रकरण तर…"

"ग्रुपचं काम आहे, सुरभी. त्यात तुझं काय, माझं काय? अक्षयची शिष्यवृत्ती पेपरावाचून अडली होती. तुला कुठे घाई होती?"

मला घाई नव्हती हे खरं आहे.

खुलासा त्यांनी स्वतःच तयार करून ठेवला होता. 'तिसऱ्या प्रकरणातील मुख्य निष्कर्ष मी सदर पेपरातून घेतला असून संदर्भ देणे अनवधानाने राहून गेले.' खाली सहीची जागा. सही केली की प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यायचा, पावसाळ्यानंतर पदवी. कॉलेजात गणिताची एक कायम जागा निघणार आहे, आणि निवड समितीवर सर असतील. हे त्यांनी सांगितलं नाही, सगळ्यांना माहीत आहे.

"आणि नाही केली तर?" मी विचारलं. उद्धटपणे नाही.

"तर मग तू म्हणतेस की तुझा मार्गदर्शक खोटा. मग दुसरा शोध. जिल्ह्यात कोण आहे?"

मी वाचून सही करते म्हटलं. ते हसले. "वाचलंस की आत्ता!"

जाताना विभागाचा लॅपटॉप ठेवून जायला सांगितलं, सगळे फॉरमॅट करून घेताहेत म्हणाले. ठेवला. बरंच झालं, तो फार हळू चालत होता. माझी सगळी जुनी प्रकरणं त्यावर होती, पण शेवटचा प्रबंध छापील आहेच.

मंगळवार, १३ जानेवारी

माघी गणपती तोंडावर आलेत, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. बाबा हातातलं काम न थांबवता बोलले.

"मूर्तीखाली कोन नाव लिवतो काय गो? तुझं सर म्हंजी कारखानदार. तू त्याच्या हाताखाली."

आत्या रंगाच्या वाट्या धूत होती. "सही कर नि मोकळी हो. तुला पदवी हवी हाय का वाद हवाय?"

"आत्या, मी नक्कल केली नाही."

"मी कुठं म्हनते केली? कागदावर म्हनतात. कागदाला काय जातंय."

मी वर निघून आले. दोघं माझ्यासाठीच बोलत होती, हेही लिहायला हवं.

शनिवार, १७ जानेवारी

विभागाची पोपटी. अक्षयच्या गावच्या वालाच्या शेंगा, मडकं, भांबुर्ड्याचा पाला, कॉलेजच्या मैदानामागे जाळ. संध्याकाळी चार वाजताच सगळे जमले. अक्षय घरून दोन पिशव्या शेंगा घेऊन आला होता, त्याच्या वडिलांनी पहाटे तोडलेल्या.

सर रंगात होते. मडकं उपडं करताना म्हणाले, "आमची सुरभी आकृत्या सुरेख काढते बरं का! मूर्तिकाराची मुलगी. विचार आम्ही करायचा, रंग तिने भरायचा."

सगळे हसले, मीही हसले. मग शेंगा सोलत बसले. मला चव लागली नाही, पण अक्षय विचारायला आला तेव्हा फार छान झाल्यात म्हटलं.

तो त्यासाठी आला नव्हता. ७ फेब्रुवारीला कॉलेजात राज्यस्तरीय चर्चासत्र आहे आणि तो पेपर त्याने मांडायचा आहे. "ताई, एकदा मला ते प्रमेय समजावून द्याल का? सरांना विचारायला भीती वाटते. प्रश्न आले तर?"

ज्या प्रमेयाखाली त्याचं नाव आहे ते त्याने मला समजावायला सांगावं याचा मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मंगळवारी ग्रंथालयात ये म्हटलं.

मंगळवार, २० जानेवारी

हे सावकाश लिहायला हवं.

माझं काम सोप्या शब्दांत असं. आकृती म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक रेषेला एक आकडा द्यायचा, धन किंवा ऋण, पण शून्य नाही. आणि कुठल्याही बिंदूपाशी येणाऱ्या सगळ्या आकड्यांची बेरीज शून्य झाली पाहिजे. एका विशिष्ट प्रकारच्या आकृत्यांना हे जमतं आणि त्यासाठी फार मोठे आकडे लागत नाहीत, असं माझं प्रमेय आहे.

अक्षय पेपराची प्रत घेऊन आला होता. तो एकेक ओळ वाचायचा आणि मी का ते सांगायची. चौथ्या पायरीला तो थांबला.

"ताई, इथं लिहिलंय, 'आपण सुरुवातीला मानल्याप्रमाणे'. काय मानलंय?"

"पूल नाही असं. एक रेषा काढली आणि आकृतीचे दोन तुकडे पडले तर त्या रेषेला पूल म्हणतात. आपल्या आकृत्यांत पूल नसतो."

"कुठं लिहिलंय पन?"

"पहिल्याच पानावर."

त्याने पहिलं पान काढलं. तिथे नव्हतं. दुसऱ्यावरही नव्हतं. मी प्रत त्याच्या हातातून घेतली आणि पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत वाचली. ती अट पेपरात कुठेही नाही.

माझ्या प्रबंधात ती तिसऱ्या प्रकरणाच्या डोक्यावर आहे. आत्याची शिकवण: जे मानायचं ते पानाच्या माथ्यावर एकदा लिहायचं आणि पुन्हा पुन्हा घोकायचं नाही. म्हणून प्रमेयाच्या वाक्यात मी ती परत लिहिली नव्हती. प्रमेय आणि सिद्धता मधूनच उचलली तर माथा मागे राहतो.

आणि अटीवाचून ते प्रमेय खोटं आहे. मी अक्षयच्या कागदावर दोन चौकोन काढले आणि एका रेषेने जोडले. त्या जोडरेषेला शून्याशिवाय दुसरा आकडा देताच येत नाही. त्याने चार-पाच वेळा करून पाहिलं. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"म्हंजी छापलंय ते चूक हाय?"

मी "बहुतेक" म्हटलं. बहुतेक नाही. चूक आहे.

बुधवार, २१ जानेवारी

उद्या गणेश जयंती. दुपारी धरमतरकडचे एक गृहस्थ टेम्पो घेऊन परत आले, मूर्तीचा कान निसटला होता. जाम तापले होते. "पूजा कशाची करू, कानतुटक्याची?" बाबांनी हात जोडले, दुसरी मूर्ती दिली, वर स्वतः टेम्पोत नीट बसवून आले. कान सखाकाकांनी जोडला होता. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सखाकाका मात्र नंतर जेवले नाहीत.

या गडबडीत मला बसून विचार करता आला नाही. एका परीने बरं वाटलं.

शुक्रवार, २३ जानेवारी

परवापासून मी स्वतःला सांगत होते की सरांनी हे स्वतंत्रपणेही शोधलं असेल. गणितात असं होतं, दोन ठिकाणी दोन माणसं एकाच गोष्टीपाशी पोचतात. ही समजूत आज मागे घेते. स्वतंत्रपणे शोधणारा माणूस 'सुरुवातीला मानल्याप्रमाणे' असं लिहून सुरुवातच विसरणार नाही. ती सुरुवात माझ्या प्रबंधात आहे.

तरी मी सरांकडे गेले ते फक्त चुकीबद्दल सांगायला. दोन चौकोनांचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. इतका वेळ की मला त्यांची दया आली.

"अक्षयला दाखवलंस हे?"

"हो."

"का?"

"त्याला मांडायचं आहे, सर."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग आवाज एकदम मऊ झाला. "हे बघ, कोण वाचतं? आपण वर्षभराने दुरुस्तीचा पेपर काढू. त्यात पहिलं नाव तुझं. झालं? पण आधी खुलासा."

पहिलं नाव. मला मोह झाला. पूर्ण खाली येईपर्यंत मी त्या पेपराचं शीर्षक मनात जुळवत होते. फाटकापाशी आल्यावर लक्षात आलं की खुलाशावर तर सही होऊच शकत नाही. त्यात म्हटलं आहे की निष्कर्ष मी त्या पेपरातून घेतला. त्या पेपरात खोटा निष्कर्ष आहे, माझ्याकडे खरा. जे तिथे नाहीच ते मी तिथून कसं घेतलं?

सरांचं कोणतं वागणं चूक, कोणतं बरोबर, हे मला ठरवता येत नाही. पण हे एक वाक्य खोटं आहे, एवढं मी सिद्ध करू शकते.

रविवार, २५ जानेवारी

आत्याला सगळं सांगितलं. वाटलं होतं खूश होईल, माथ्यावरच्या अटीचं तिचंच शिकवणं. ती भडकली.

"शानी हायेस! एका ओळीपायी चार वर्सं पान्यात घालतीस?"

"ओळ खोटी आहे, आत्या."

"असू दे खोटी! मला कुनी इचारलं व्हतं, खरं काय नि खोटं काय? बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लगीन लावलं, सहा म्हैन्यांत परत आले, कॉलेज म्हनालं आता जागा नाय. मी सही केली असती गो. कसल्याबी कागदावर केली असती."

मग रंगाचं फडकं तोंडावर दाबून आत गेली. मला कळलं नाही मी तिला एवढं काय बोलले. संध्याकाळी माफी मागितली, तर "गप जेव" म्हणाली आणि माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला.

बुधवार, २८ जानेवारी

तास संपवून पेणला परतताना अक्षय रोहा स्टेशनवर भेटला, माझ्या मेमू गाडीच्या वेळेला मला गाठायला थांबला होता.

"ताई, देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं. सरांनी दिवाळीत फाइल दिली, म्हनाले हे टाइप कर, तुझं नाव घालतो. मी समजलो सरांचं हाय."

"फाइलच्या वर काय होतं?"

तो म्हणाला, "तिसरं प्रकरण असं लिहिलेलं. मी काढलं ते. पेपरात प्रकरण नसतं ना."

म्हणजे अटीची ओळ त्याच्या हातून गेली, मथळ्याबरोबर. त्याला कल्पनाही नव्हती. त्याच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला तो पहिला आहे. शिष्यवृत्ती बंद झाली तर तो भातशेतीवर परत. हे सगळं त्याने सांगितलं आणि मी सगळं ऐकलं.

"तुला ठाऊक नव्हतं हे मी लिहीन," मी म्हटलं.

"म्हंजी तुम्ही लिहिनार?"

तोपर्यंत मी ठरवलं नव्हतं. त्याने विचारलं तेव्हा कळलं की माझ्या तोंडून आधीच गेलं आहे.

गाडी आली. मी चढले. तो "येतो ताई" असंही म्हणाला नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

सर पेणला आले. कॉलेजच्या गणपतीची ऑर्डर द्यायला, असं म्हणाले. सप्टेंबरच्या गणपतीची, जानेवारीत. यापूर्वी ते कधी आमच्याकडे आलेले नाहीत. आईने पोहे केले. सर कच्च्या मूर्तींमधून हात मागे बांधून हिंडले, वा वा म्हणाले. मग बाबांजवळ स्टुलावर बसले.

"काका, मुलगी हुशार आहे, पण हट्टी. एवढीशी सही. तुम्ही समजावा. तुमच्या कारखान्यासारखंच असतं हो आमचं."

"व्हय, व्हय," बाबा म्हणाले. "मी तिला त्येच सांगतो."

मी दारात उभी होते. आवाज फार बारीक आला, पण मी बोलले. "बाबा, धरमतरच्या माणसाच्या मूर्तीचा कान कुणी जोडला होता?"

"ते आता कशाला गो?"

"तो माणूस ओरडत आला तेव्हा तुम्ही सखाकाकांना पुढे केलं नाहीत. कारखान्याचं नाव म्हणून तुम्ही हात जोडलेत. सरांच्या पेपराचा कान तुटला आहे. आणि हात जोडायला ते मला पाठवताहेत."

 सखाकाका मान खाली घालून साचा पुसत राहिले. बाबांनी सरांकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्या गिऱ्हाइकाने उलटंच माप सांगावं तसं पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "ऑर्डरचं मंग बघू."

सर उठले. जाताना मला म्हणाले, "सोमवारपासून तुझे तास नमिता मॅडम घेतील. तुला आता मोकळा वेळ लागेल ना?" हसूनच म्हणाले. पोहे तसेच राहिले.

 मी मोठ्या माणसाला त्यांच्याच पाहुणचारात बोलले. ते चूक होतं का, हे अजून ठरत नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

कालचं एक दुरुस्त करते. 'त्यांच्याच पाहुणचारात' लिहिलं. पाहुणचार आमचा होता.

खुलासा लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, 'सदर प्रकरणाचे लेखन माझ्याकडून झाले आहे.' ते खोडलं. मग, 'सदर प्रकरण मार्गदर्शकांच्या दिशेनुसार…' तेही खोडलं. शेवटी लिहिलं, 'तिसरे प्रकरण माझे आहे.' हे लिहायला अख्खी सकाळ गेली. पुढे चौथी पायरी, गायब असलेली अट, दोन चौकोन. अक्षयला फाइल कुणाची ते ठाऊक नव्हतं, असं त्याने मला सांगितलं, हे 'त्याने सांगितलं' असंच नोंदवलं आहे. मी ते तपासलेलं नाही. सरांबद्दल एकही विशेषण नाही. सगळं मिळून दीड पान झालं.

सही केली. आता मार्गदर्शक नाही, तास नाहीत, आणि कॉलेजातली कायम जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे. समिती माझं ऐकेल याची खात्री नाही. सर तिथल्या निम्म्या लोकांना ओळखतात. ते म्हणतील, अट छापताना राहिली. म्हणू देत. मग त्यांना तिथेच, समितीपुढे, चौथी पायरी समजावून सांगावी लागेल, आणि मी ती ऐकायला बसलेली असेन.

पोस्टाने पाठवायचं नाही, स्वतः नेऊन पोच घ्यायची. मुदत नऊ तारखेची आहे, पण तोवर थांबले तर शनिवारी सात तारखेला अक्षय भरल्या सभागृहात खोटं प्रमेय फळ्यावर लिहील आणि कुणीतरी पाहुणा त्याला दोन चौकोन काढून दाखवील. ते व्हायला नको. त्याच्या आधी त्याला न मांडण्याचं कारण मिळायला हवं. बुधवारपर्यंत समितीचं कार्यालय बंद आहे, शुक्रवारीच फोन करून विचारून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, "मी येतो संगतीला." नको म्हटलं. आत्या म्हणाली, "येतेय मी, तुला इचारत नाय."

पेणहून पहिल्या एसटीने. गुरुवार, ५ फेब्रुवारी.